उसनी रेघ

आमच्या शोलावुहा गावात पोराला मलेरिया आहे की नाही हे आई ठरवत नाही, पट्टी ठरवते. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर सोडायचा आणि ओट्यावर वाट बघत बसायचं. एक रेघ उमटली तर मलेरिया नाही, घरी जा. दोन उमटल्या तर मलेरिया आहे, पिवळ्या गोळ्यांचं पाकीट घे आणि घरी जा. पोर तव्यासारखं तापलेलं असो, त्याचे दात वाजत असोत, डोळे वर गेलेले असोत, रेघ एक म्हणजे एक. आया पोराकडे बोट दाखवायच्या, सेहिन पट्टीकडे बोट दाखवायची, आणि पोर मधल्या मध्ये कण्हत राहायचं.

सेहिन म्हणजे आमच्या आरोग्यखोलीची बाई. खोली माझ्या दाराच्या अगदी समोर. माझं नाव अस्नाकेच, मी ज्वारीची तल्ला, आमची साधी दारू, घरी गाळून विकते. पिणारे ओट्यावर बसतात, त्यामुळे माझं दार दिवसभर उघडं असतं. गावाचा सगळा ताप माझ्या डोळ्यांदेखत त्या खोलीत जातो आणि बाहेर येतो. तेव्हा त्याच्याबद्दल मला कुणी शिकवू नये.

सेहिन पोरगी वाईट नाही. नवी आली तेव्हा पोराचे डोळे, जीभ बघायची आणि गोळ्या द्यायची. मग एकदा तालुक्याचा साहेब आला. तिने दिलेली पाकिटं आणि दोन रेघांच्या पट्ट्या त्याने जुळवून पाहिल्या. पाकिटं जास्त गेली होती. भर गावासमोर त्याने तिची अशी खरडपट्टी काढली की ती नंतर कितीतरी दिवस माझ्याकडे कॉफीलासुद्धा आली नाही. तेव्हापासून तिने नियम धरला. दोन रेघा दिसल्याशिवाय कपाट उघडायचं नाही.

आणि नेमक्या त्याच्या पुढच्या पावसाळ्यात पट्टीने दगा द्यायला सुरुवात केली. थंडी वाजून ताप, घाम, पुन्हा थंडी, सगळं तेच, जे आमच्या आज्यांनीही पाहिलं होतं. पण पट्टीवर एकच रेघ. सेहिन म्हणायची, दुसरा काहीतरी ताप असेल, भरपूर पाणी पाज. त्या वर्षी आमच्या चर्चच्या आवारात लहान लहान खड्डे फार खणले गेले. शहरातल्या दवाखान्यात काचेखाली रक्त बघणारा माणूस आहे, पण पाऊस पडला की आमची काळी माती ट्रॅक्टरलाही गिळते. खेचरावर घालून कुणी पोराला नेलंच, तर तिथला माणूस म्हणायचा, मलेरिया आहे, इतका उशीर का केलात. ह्याचं उत्तर काय देणार.

मच्छरदाण्या दिल्या होत्या सरकारने. आम्ही लावायचोही. डास काय फक्त अंथरुणातच चावतो का?

ह्यातून वाट सापडली ती ग्वांगुलमुळे. ग्वांगुल माझ्या मेलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. बायको टिकली नाही, शेत टिकलं नाही, तोंड मात्र टिकलं. दरवर्षी तिळाच्या कापणीला खाली सीमेकडे मजुरीला जातो आणि जे काही मिळेल ते तिकडेच उडवून परत येतो. त्या वर्षी मात्र मलेरिया घेऊन आला. पट्टीवर दोन रेघा, ठळक. गोळ्या खाल्ल्या, बरा झाला, माझ्या ओट्यावर येऊन बसायला लागला. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी त्याचं डोकं दुखत होतं. आदल्या दिवशी माझ्याकडेच ढोसली होती, दुसरं काही कारण नव्हतं. पण डोकं दुखतं म्हटलं की सेहिन टोचणारच. तिने टोचलं. पुन्हा दोन रेघा.

तो पाकीट नाचवत माझ्याकडे आला. "वहिनी, मजा बघ. मला ताप नाही, पण माझ्या रक्ताला आहे."

माझ्या घरात तेव्हा सिंदू तापाने पडली होती. सिंदू माझी नात, थोरल्या मुलाची मुलगी, नुकती बोलायला लागलेली. तिची आई वुबिट तिला मांडीवर घेऊन सकाळी समोरच्या खोलीत जाऊन आली होती. एक रेघ. वुबिट रडतही नव्हती, नुसती भिंतीकडे बघत बसली होती.

मी ग्वांगुलच्या हातातलं पाकीट हिसकावलं. "तुझ्या रक्ताला नंतर देऊ. आधी हिला."

"ते मोठ्या माणसाचं आहे."

"मग सेहिनला विचार लहानाला किती द्यायचं ते. जा, पळ."

सेहिनने दारातूनच बोटांनी खूण करून सांगितलं आणि लगेच आत वळली, जणू तिने काही पाहिलंच नाही. सिंदूने गोळ्या ओकल्या, पुन्हा दिल्या, तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि इंजेराची भाकरी मागायला लागली. वुबिटने ग्वांगुलचे पाय धरले. त्या माणसाचे पाय आयुष्यात कुणी धरले नव्हते. तो इतका लाजला की एक पेला कमी प्यायला.

बायकांच्या तोंडात गोष्ट राहते का? पाणी भरायला गेल्या आणि गावभर झालं. पुढच्या आठवड्यात एक आई सेहिनपुढे तापलेलं पोर आणि ग्वांगुल अशी जोडी घेऊन उभी राहिली. सेहिनने पोराला टोचलं. एक रेघ. मग तिने दोघांकडे पाहिलं, दार लोटलं, ग्वांगुलचं बोट पुढे ओढलं आणि विचारलं, "कुणाचं नाव लिहू?"

तो दिवस सुरुवातीचा. पट्टी ग्वांगुलची, नाव पोराचं, पाकीट पोराच्या वजनाचं. पट्ट्या आणि पाकिटं जुळली. साहेब खूश, आया खूश. ग्वांगुल तर शेफारलाच. ज्याच्या घरी ताप, त्याच्या घरी त्याला कॉफीचं बोलावणं. पहिल्या वाफेची घट्ट कॉफी आधी त्याला, मग घरच्या म्हाताऱ्याला. लाह्यांत मीठ कमी आहे म्हणून तो नाक मुरडायचा. मी म्हणायची, "अरे, अख्ख्या गावाचा जावई झालास तू." तर म्हणे, "जावयाला निदान एकच घर असतं, वहिनी. माझी बोटं बघ, चाळण झाली."

मग त्याच्या रक्तातली दुसरी रेघ पुसट व्हायला लागली. एक दिवस गेलीच. गावाच्या तोंडचं पाणी पळालं. पण तोवर खालून तिळाचे दुसरे मजूर परतू लागले होते. बायका रस्त्यावरच गाठून विचारायच्या, तिकडे ताप आला होता का, गोळ्या घेतल्यास का, किती दिवस झाले. लग्नाच्या मुलीसाठी स्थळ बघावं तशी चौकशी. ज्याच्या दोन रेघा निघायच्या, त्याला महिनाभर गावात मान. असा आमचा एक मोसम गेला, दुसरा आला. चर्चच्या आवारातले खड्डे कमी झाले. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ह्याला कुणी फसवणूक म्हटलं तर मी त्याच्या तोंडावर हसेन.

मग पांढरी गाडी आली.

गाडीतून डॉक्टर तेफेरा उतरले. राजधानीत कुठल्याशा संशोधनाच्या संस्थेत होते. बारीक, शांत, बुटांना चिखल लागला तरी कुरकुर न करणारे. बरोबर त्यांची माणसं आणि तालुक्याचा तोच साहेब. डॉक्टरांनी सेहिनच्या नोंदी चाळल्या. पान उलटलं की दोन रेघा, पान उलटलं की दोन रेघा. ते साहेबाला म्हणाले, "इथे पट्टी उत्तम चालते आहे." साहेबाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तरी खात्री करायला म्हणून काही दिवस राहायचं ठरलं. ज्यांना ताप आहे त्यांनी यावं, पट्टी लावू, आणि रक्ताचे थेंब कागदावर सुकवून तपासायला नेऊ.

आमच्या बायकांनी झऱ्यावर बसून ठरवलं. एक तर आजारी पोर परक्या नजरेसमोर कुणी नेत नाही, दृष्ट लागते. बरं, नेलं आणि ह्या मोठ्या लोकांना एकच रेघ दिसली, तर ते म्हणतील इथे मलेरियाच नाही, पाकिटं बंद. तेव्हा पोरं आत राहतील आणि रेघवाले बाहेर जातील. ग्वांगुल नुकताच खालून नवा ताप काढून परतला होता, त्याच्या रेघा पुन्हा ताज्या होत्या. भर उन्हात जाड घोंगडं गुंडाळून तो गेला आणि असा कण्हला की डॉक्टरांच्या माणसाने त्याला बाक रिकामा करून दिला. त्याच्या मागून बाकीचे मजूर. काल ताप होता का? होता. थंडी वाजली का? वाजली. सगळ्यांच्या दोन दोन रेघा. रक्त कागदावर गेलं, कागद पिशवीत गेले.

शेवटच्या दिवशी मी सगळ्यांना कॉफीला बोलावलं. पाहुण्यांना बिनकॉफीचं कसं जाऊ द्यायचं? सेहिन लाह्या घेऊन बसली होती. दुसऱ्या वाफेची कॉफी ओतता ओतता मी सहज विचारलं, "डॉक्टर, एवढं रक्त नेऊन काय शोधणार?"

माणूस चांगला, मला एमामा, म्हणजे आई, म्हणत त्याने नीट सांगितलं. "एमामा, पट्टीला मलेरियाचा किडा दिसत नसतो. किडा रक्तात एक खूण सोडतो, पट्टी ती खूण ओळखते. किडा मेला तरी ती खूण महिनाभर रक्तात राहते. आता काही ठिकाणी असा किडा निघाला आहे की त्याच्या अंगातला तो खूण सोडणारा तुकडाच गळून गेलाय. बापाचा गळला की पोरांचाही गळतो. तो किडा माणसाला तसाच मारतो, पण पट्टीला दिसत नाही."

"मग त्या माणसाची रेघ एकच?"

"एकच. नदीपलीकडे सारमेदात आम्हाला तो सापडला. तिथे आता दुसरी पट्टी देणार, ती वेगळी खूण बघते. तुमचं नशीब चांगलं आहे. तुमच्याकडे अजून जुनाच किडा आहे."

सेहिनने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत नुसती विनवणी होती, की बोलू नकोस. मलाही कळत होतं तिचं काय होईल ते. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की आमच्या पोरांना लागणारी पट्टी ह्या माणसाच्या गाडीत आहे, आणि तो ती घेऊन सारमेदाला चाललाय, कारण आम्ही फार हुशार निघालो. मला संताप आला. आमचाच आला, आणि त्याचाही आला.

"डॉक्टर," मी म्हटलं, "तुमच्या पिशवीतलं रक्त आमच्या आजाऱ्यांचं नाही."

"म्हणजे? खोटं रक्त?"

"रक्त खरं आहे. माणसं खोटी आहेत." आणि मी सगळं सांगितलं. तिळाचे मजूर, त्यांनी खालून आणलेला ताप, पुसट होणारी रेघ, उसनी बोटं, सगळं.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. ते रागावले नाहीत. माझी अजूनही खात्री आहे की त्या क्षणी ते आमच्यासाठी काहीतरी करणार होते. पण साहेब उभा राहिला आणि सेहिनवर तुटून पडला. खोट्या नोंदी, सरकारी औषध, तुरुंग, त्याला जे जे शब्द येत होते ते सगळे त्याने माझ्या घरात सांडले. डॉक्टर त्याला थांबवत मला म्हणाले, "एमामा, मला खरी आजारी पोरं दाखवा. आत्ता."

आम्ही निघालो. पहिल्या घरात पोर पडून होतं हे मला ठाऊक होतं, सकाळीच त्याची आई माझ्यापाशी रडून गेली होती. तिने दाराची फळी अर्धी उघडली. साहेबाचा आरडाओरडा तिच्यापर्यंत पोचला होता.

"आमच्याकडे कुणी आजारी नाही."

"अगं, त्यांना सगळं कळलंय. दाखव."

"तुला काय सांगायचं ते सांग, अस्नाकेच. आमच्याकडे कुणी आजारी नाही."

आत पोर खोकत होतं. ती आमच्याकडे बघत राहिली आणि तिने फळी लावून घेतली. दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरी कुत्रं सोडलं. डॉक्टर रस्त्यात थांबले. खूप थकलेले दिसले.

"जिथल्या नोंदी खोट्या निघतात ते गाव अभ्यासात ठेवता येत नाही," ते म्हणाले. "आता इथून मी काहीही नेलं तरी वरचे लोक म्हणतील, हेही उसनंच असेल. चौकशी होऊ द्या. मी पुन्हा येईन."

"केव्हा?"

"चौकशी झाली की."

गाडी नदीकडे गेली. सेहिनला साहेब बरोबर घेऊन गेला. तिने जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही. समोरच्या खोलीला कुलूप लागलं आणि आतली पाकिटं आतच राहिली.

गावाने सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडलं. ओटा रिकामा झाला. झऱ्यावर मी गेले की बायका घागरी उचलायच्या. खरं बोललीस ना, आता चाट ते, असं एकीने तोंडावर म्हटलं. मी तिला उत्तर दिलं नाही, आणि मला उत्तर न देता राहणं किती जड जातं हे गावाला माहीत आहे. ग्वांगुल तेवढा येत राहिला. "वहिनी, तुझ्यामुळे माझी नोकरी गेली," म्हणायचा आणि फुकट प्यायचा.

सिंदूला ताप आला तो त्यानंतर. दिवसा खेळत होती, संध्याकाळी चुलीपाशी येऊन चिकटून बसली. हात लावला आणि मला कळलं. समोर कुलूप. मुलगा खाली तिळाच्या शेतावर. शहराचा रस्ता मातीने गिळलेला, आणि नदी अशी फुगलेली की पलीकडे सारमेदाची माणसं दिसायची पण हाक पोचायची नाही. वुबिटने चर्चमधून पवित्र पाणी आणून तिच्या अंगावर शिंपडलं. आम्ही नदी उतरायची वाट पाहिली. दुसरं काय करणार होतो? रोज सकाळी ग्वांगुल काठावर जाऊन पाणी मोजायला काठी रोवून यायचा.

मग त्याने एका सकाळी सिंदूला माझ्या हातातून घेतलं. "उतरली नाही, पण जाऊ." त्याने तिला मानेवर बांधलं, काठाला बांधलेला दोर धरला आणि छातीभर पाण्यातून गेला. मागून मी, मागून वुबिट. शिव्या देत गेला तो, देवाला, नदीला, साहेबाला. बोलून चालून कुचकामी माणूस, पण त्या दिवशी त्याच्याइतकं भक्कम मला दुसरं काही दिसलं नाही.

सारमेदात माझी मावसबहीण मामीते राहते. तिला घेऊनच आम्ही आरोग्यखोलीत गेलो. तिथला माणूस भला होता, पण त्याने आधी विचारलं, "कुठली मुलगी?"

"शोलावुहाची," मी म्हटलं.

त्याने पेन खाली ठेवलं. "ही नवी पट्टी अभ्यासातली आहे, एमामा. फक्त सारमेदाच्या माणसांसाठी. एकेकीचा हिशेब द्यावा लागतो. आणि तुमच्या गावाबद्दल तर खास बजावून सांगितलंय."

"पोर मरतंय."

"मला दिसतंय. जुनी पट्टी लावतो."

"जुनीवर काय दिसणार ते तुलाही माहीत आहे."

तो जुनीच पट्टी उघडायला लागला. तेव्हा मामीते पुढे झाली. तिने सिंदूला ग्वांगुलकडून घेतलं, कडेवर बसवलं आणि म्हणाली, "ही माझी त्रिंगो. लिही. माझं घर तुला माहीत आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं, सिंदूकडे पाहिलं. मामीतेच्या खऱ्या मुलीला, त्रिंगोला, त्याने परवाच गावात बघितलं असणार. मग त्याने लिहिलं, त्रिंगो, सारमेदा. जुनी पट्टी लावली, नवी लावली, थेंब कागदावर घेतला. जुनीवर एक रेघ. नवीवर दोन.

सिंदूच्या स्वतःच्या रक्ताची दुसरी रेघ मी पहिल्यांदा पाहिली. मला हसू आलं, खरं सांगते. वाटलं, झालं, आता सुटली. त्याने गोळी पाण्यात विरघळवून तिच्या तोंडात घातली. ती बाहेर आली. पुन्हा घातली. मग तिचे हात ताठ झाले, डोळे फिरले. त्याने सुई दिली, अंग पुसलं, जे येत होतं ते सगळं केलं. ताप डोक्यात चढला होता, म्हणाला. फार दिवस अंगावर काढलात, म्हणाला. उन्हं कलायच्या आत तिचा जीव गेला, मामीतेच्या मांडीवर, कारण वुबिटला बसवत नव्हतं.

तिला पुन्हा नदीतून आणलं. आमच्या चर्चमध्ये धर्मगुरूने तिचं बाप्तिस्म्याचं नाव घेऊन तिला पुरलं. ते नाव आम्ही बाहेर कुणाला सांगत नाही. गावाने मात्र लाज राखली. सगळे आले. दार लावून घेतलेली बाईसुद्धा आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. तिचं पोर वाचलं होतं.

दुखवट्याच्या मंडपातली माणसं उठायच्या आधी मामीते आली. मला वाटलं सांत्वनाला आली. ती बसली, माझा हात धरला, रडली. मग कानाशी म्हणाली, "अस्नाकेच, तुझी सिंदू गेली, माझ्या काळजाला घरं पडली. पण माझ्या पोरीचं नाव सोडव."

"कसलं नाव?"

"गाडीवाले माझ्या घरी आले. म्हणे, तुझी मुलगी त्रिंगो गेली, कशी आजारी पडली ते सांग. आणि त्रिंगो त्यांच्या पुढ्यात शेळी हाकत होती. त्यांना वाटलं दुसरी कुणी. मी त्यांना हाकलून दिलं. मग मी आरोग्यखोलीत गेले, म्हटलं खोड. तो म्हणतो, मेलेल्याची नोंद झाली, ती मला खोडता येत नाही. आणि माझ्या त्रिंगोला उद्या ताप आला तर? मेलेल्या नावावर गोळ्या निघत नाहीत, अस्नाकेच."

मी उठले. केस विंचरले नव्हते, शोकाची वस्त्रं अंगावर होती. तशीच उतरलेली नदी ओलांडून सारमेदाला गेले.

डॉक्टर तेफेरा तिथल्या आरोग्यखोलीत एकटेच बसले होते. मला पाहून उभे राहिले. मी सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"ह्या एका मृत्यूवर माझा सगळा अहवाल उभा आहे, एमामा. जुन्या पट्टीवर एक रेघ, नवीवर दोन, रक्तात तोच किडा, आणि मूल गेलं. राजधानीतली माणसं आकड्यांनी हलत नाहीत. ह्याने हलतील. तालुकाभर नवी पट्टी येईल. कदाचित तुमच्याकडेही."

"मग राहू द्या ना. फक्त नाव खरं लिहा. सिंदू, शोलावुहा."

"शोलावुहा लिहिलं की नोंद बाद. ते गाव बाहेर काढलेलं आहे. अहवालात जाणारच नाही."

"मग सिंदू, सारमेदा लिहा."

"सारमेदाच्या यादीत सिंदू नाही." ते अगदी हळू बोलत होते. "एक तर हे नाव असंच राहील, नाहीतर मला खोडावं लागेल. त्रिंगोचं पुढे काय ते मी बघेन, काहीतरी करेन."

"काय कराल?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. चौकशी झाली की येईन, हेही त्यांनी असंच म्हटलं होतं. दारात मामीते उभी होती. तिने त्रिंगोला बरोबर आणलं होतं आणि तिचा हात इतका घट्ट धरला होता की पोर कुरकुरत होतं. सिंदूच्याच वयाची, तशीच कपाळावर बटा ठेवलेली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

मला अजून लोक विचारतात, तालुक्यातल्या सगळ्या पोरांचा विचार का केला नाहीस. केला होता. नाही असं नाही. पण तालुक्यातली पोरं त्या दारात उभी नव्हती.

"खोडा," मी म्हटलं.

"एमामा, नीट विचार करा."

"खोडा."

त्यांनी पेन घेतलं आणि त्या ओळीवर आडवी रेघ मारली, मग सही केली. मामीते रडायला लागली, माझ्या पाया पडायला आली, मी तिला पडू दिलं नाही. घरी आले, तल्लाची घागर धुतली, चूल पेटवली.

पावसाळा संपल्यावर साहेब येऊन समोरच्या खोलीचं कुलूप काढून गेला. नवी बाई आली आहे, पट्टी जुनीच आहे. गावात बैठक झाली, तेव्हा तिने तालुक्याचा कागद वाचून दाखवला. सारमेदात त्या मोसमात मलेरियाने कुणी गेलं नाही. शोलावुहात तर मलेरियाची नोंदच नाही. माझी नात मग कशाने गेली, हे विचारायला अजून माझ्या दारात कुणी आलेलं नाही.